खिडकीजवळची सीट

"ती सीट भरलेली आहे, सर," गाडी चालवता चालवता गाईड म्हणाला.

मी मान उंच करून पुन्हा बघितलं. आमच्या पुढच्या रांगेत खिडकीला लागून एक सीट सरळसरळ रिकामी होती. माणूस नाही, पिशवी नाही, कोणी टोपीसुद्धा ठेवलेली नाही. सीटबेल्ट मात्र व्यवस्थित लावलेला.

"कोण बसलंय तिथं?" मी विचारलं.

"शेजारच्या त्या बाबांचा माणूस आहे."

"मग दिसत का नाही?"

त्यानं गिअर बदलला. "रस्ता लांबचा आहे सर. मॅडमना पाणी द्या."

आता मला सांगा, उभी हयात पोलिसात काढून फौजदार म्हणून रिटायर झालेल्या माणसाला कोणी असं उत्तर दिलं तर तो गप्प बसेल का? माझ्या शेजारी आमची मालन तोंडाला पदर लावून बसलेली. तिला गाडी लागते. मागच्या चाकावरची सीट म्हणजे तिच्यासाठी शिक्षाच. पुढं गाईडशेजारी पेनफोल्ड नावाचा इंग्रज म्हातारा होता, पण त्याचा एक गुडघा वाकत नव्हता, त्याला उठवणं बरं दिसलं नसतं. राहता राहिली ती खिडकीजवळची सीट. आणि ती म्हणे भरलेली!

आमची वैजू तेव्हा नवऱ्याच्या नोकरीपायी डर्बनला राहायची. आम्ही दोघं तिच्याकडं गेलो होतो. "आबा, तुम्हाला किल्ल्यांचं, लढायांचं वेड. इथं झुलू लोकांनी इंग्रजांचं अख्खं सैन्य कापून काढलं ती जागा आहे, बघून या," म्हणून तिनं ही एका दिवसाची सहल ठरवून दिली. मला आनंदच झाला होता. पण निघायच्या आधी, चहाच्या वेळी, मालननं विषय काढला.

"गावाकडं गेलो की सुहासचं करून टाकू या. गुरुजी म्हणत्यात, दर्भाचा पुतळा करून समदं करता येतं."

"मढं दाखव," मी म्हणालो, "मग करतो."

तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती.

सुहास आमचा थोरला. चिपळूणला वायरमन होता. पुराच्या दिवशी लाईन बंद करायला म्हणून गेला तो परत आला नाही. मी स्वतः वाशिष्ठीच्या काठाकाठानं पार खाडीपर्यंत पालथं घातलं. प्रत्येक अनोळखी प्रेताची चादर मी माझ्या हातानं वर केली. एकही माझा नव्हता. कागदावर तो बेपत्ता राहिला आणि मीही त्याला बेपत्ताच ठेवला. ज्याचं प्रेत नाही तो मेला नाही, एवढा साधा हिशेब. मालनचा हिशेब वेगळा. ती म्हणायची, "बेपत्ता म्हंजी ना घरात ना देवाघरी. पोरगं अजून त्या पाण्यात कुडकुडत उभं आसंल." एवढं एकच मागणं होतं तिचं माझ्याकडं इतक्या वर्षांत. आणि तेवढंच मी देत नव्हतो.

तर ती सीट.

तो म्हातारा बंदराच्या बाजूच्या रस्त्यावर गाडीत चढला होता. अंगात जुना पण इस्त्रीचा कोट, आणि छातीशी निळ्या ब्लँकेटात गुंडाळलेलं लांबट काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं धरलेलं. गाईडनं, म्हणजे म्बोंगेनीनं, स्वतः उतरून दार सरकवलं. म्हातारा चढला. आणि म्हातारा चढल्यावरही म्बोंगेनी दार धरून उभाच राहिला, आणखी कोणीतरी चढतंय आणि त्याचा पाय अजून पायरीवर आहे असा. मग त्यानं दार लावलं. म्हाताऱ्यानं शेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्ट ओढून लावला आणि तिकडं वाकून काहीतरी पुटपुटला.

मी त्याला नमस्कार केला. त्यानं नुसतं बघितलं. पेनफोल्ड मागं वळून "गुड मॉर्निंग" म्हणाला. त्यालाही उत्तर नाही. मुका म्हणावं तर सीटशी बोलत होता की!

"मालन," मी हळूच म्हणालो, "मंगळसूत्र पदराखाली घे."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

वाटेत पेट्रोलसाठी थांबलो. सगळे उतरले, म्हातारा नाही. मी पाय मोकळे करायच्या निमित्तानं गाडीला एक चक्कर मारली आणि काचेतून आत बघितलं. ब्लँकेटाचं एक टोक जरा सुटलं होतं आणि आतून एक काटा बाहेर आला होता. चांगला बळकट, टोकाला वाकडा. माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. चोरटी शिकार? कसली बंदी असलेली झाडं? का कसलं हत्यार? बंदरावरून आणलेलं, झाकलेलं, आणि धरणारा तोंडातून अक्षर काढत नाही. आमच्या हद्दीत असता तर तिथंच खाली उतरवला असता.

म्बोंगेनी चहाचे कप घेऊन आला. मी आडवाच आलो. "त्या ब्लँकेटात काय आहे?"

"बाबांचं खाजगी सामान आहे."

"तुझ्या कंपनीला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे सर. दोन्ही सीटचे पैसे बाबांनी भरलेत."

"एका माणसाला दोन सीटा कशाला?"

तो तिशीतला, हसतमुख पोरगा, पण तेव्हा हसला नाही. "सर, संध्याकाळपर्यंत मला एवढं विचारू नका. माझी विनंती आहे."

विनंती! मी असल्या विनंत्या आयुष्यभर ऐकलेल्या. विनंती करणाऱ्याच्या घराचीच झडती आधी घ्यायची असते.

पुढं नदी आली. मोठी, लाल पाण्याची. पुलावर गाडी हळू झाली. रस्ता मोकळा, समोरून वाहन नाही, मग हळू का? म्हातारा लगेच सीटकडं वाकला आणि बोलायला लागला. पूल संपला, तोही थांबला, गाडीनं वेग घेतला. मी मनात म्हटलं, ही खूण आहे. पुलाखाली कोणीतरी दबा धरून बसलंय. मागच्या काचेतून बघितलं तर गवत, शेळ्या आणि डोक्यावर पाण्याचा कॅन घेतलेली एक बाई. माझी मलाच थोडी लाज वाटली, पण थोडीच. पुढं आणखी एक पूल आला आणि तिथंही तेच झालं.

"अगं, बघितलंस का तू? दोन्ही पुलांवर!"

मालन डोळे मिटूनच म्हणाली, "आवं, सकाळधरनं त्या म्हाताऱ्याच्या मानगुटीवर बसलाय. सोडा की बिचाऱ्याला." तेवढ्यात तिला उमासा आला आणि मी पिशवी धरली. पिशवी धरल्या धरल्या मी त्या मोकळ्या सीटकडं बघत होतो आणि माझं रक्त तापत होतं.

लढाईची ती जागा, इसांडल्वाना, म्हणजे माळावर एकटाच बसलेला डोंगर. आपल्याकडं कराडजवळ सदाशिवगड दिसतो तेवढाही नाही, पण चारी बाजूंना काही नसल्यानं डोळ्यात भरतो. पायथ्याशी पांढरा चुना दिलेले दगडांचे ढीग, इथं एक, तिथं दोन, लांबवर पुन्हा चार. मालनला चालवेना. "मी हितंच गाडीच्या सावलीत बसते," ती म्हणाली. म्हाताराही उतरला नाही. तिला तिथं एकटी सोडायचं माझ्या जिवावर आलं, पण ती म्हणाली, "जावा तुम्ही. लढाईचं याड तुम्हाला हाय, मला न्हाई."

म्बोंगेनी सांगत होता झकास, हे कबूल करायला पाहिजे. इंग्रजांनी इथं छावणी टाकली आणि भोवती ना खंदक खणला ना गाड्यांचं कुंपण केलं. पलीकडच्या दरीत हजारो झुलू शिपाई जमिनीला टेकून बसलेले. कोणी खोकलं नाही, कोणी हुं का चूं केलं नाही. इंग्रजांचे टेहळे चुकून दरीच्या काठावर आले आणि खाली बघतात तो सगळी दरी माणसांनी भरलेली.

"आणि मग?" पेनफोल्ड म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं, तरी त्यानं विचारलं. त्याच्या आजोबांचा कोणी चुलता त्या पांढऱ्या दगडांखाली होता. त्यानं खिशातून लाकडाचा छोटा क्रूस काढून एका ढिगाशी ठेवला आणि टोपी काढून उभा राहिला.

"हे सगळे इंग्रजांचे," मी म्बोंगेनीला म्हणालो. "तुमची माणसं कुठं आहेत?"

"ज्यांना नेता आलं त्यांना घरच्यांनी ढालींवर घालून नेलं. बाकीचे इथंच." त्यानं गवताकडं हात केला. "आपण चालतोय तिथं."

"नोंद नाही?"

"नाही."

"मग घरच्यांना कळलं कसं, कोण गेलं आणि कोण राहिलं?"

"घरच्यांना कळतं, सर."

हे उत्तर मला झोंबलं. घरच्यांना कळतं म्हणे! मी घरचाच होतो, मला कुठं कळलं होतं? पेनफोल्ड त्याला आणखी काही विचारत होता. मी लघवीचं निमित्त केलं आणि गाडीकडं निघालो. म्हटलं, आत्ताच. गाईड इथं अडकलाय तोवर त्या ब्लँकेटात काय आहे ते बघायचंच.

गाडीजवळ आलो आणि बघतो तर मालन सावलीत नव्हती. धावत दारापाशी गेलो. ती आत होती, म्हाताऱ्याच्या समोर, डोक्यावर पदर घेऊन वाकून उभी. म्हाताऱ्यानं ब्लँकेट अर्धवट उघडलं होतं.

"काय चाललंय इथं?" मी मराठीतूनच ओरडलो. मग इंग्रजीत: "मी पोलीस अधिकारी आहे. ते ब्लँकेट पूर्ण उघडा. कोण आहात तुम्ही? बोला!"

म्हाताऱ्यानं ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. एक हात त्यानं रिकाम्या सीटवर आडवा धरला, पोराला कोणी मारायला आलं की बाप धरतो तसा.

"आवं गप बसा!" मालन माझ्यावर खेकसली. सकाळपासूनचा राग असा बाहेर पडला. "फांदी हाय ती. बोरीची फांदी. कायतरी देवाचं हाय, कळंना व्हय तुम्हाला? मी त्याला पाणी दिलं तर त्यानं हिकडं वतून दावलं. आधी हितं पाजा म्हणाला हातानं, मग मला."

सीटच्या पायाशी खरंच थोडं पाणी सांडलेलं होतं. आणि ब्लँकेटात बोरीचीच फांदी होती, आपल्या बांधावर असते तशीच. एक काटा सरळ, एक वाकडा.

मागून धापा टाकत म्बोंगेनी आला. त्यानं म्हाताऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आधी एकच विचारलं, "बाबा बोलले का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं सुटकेचा श्वास सोडला. मग मला हाताला धरून बाजूला नेलं.

"घरी पोचेपर्यंत त्यांनी दुसऱ्या कोणाशी बोलायचं नसतं. बोलले तर तो परत जातो."

"कोण परत जातो?"

"त्यांचा भाऊ. झुंगूबाबांचा धाकटा भाऊ. मासेमारीच्या बोटीवर होता डर्बनला. बोट परत आली नाही." तो अगदी हळू बोलत होता. "आमच्यात घरापासून लांब मेलेला माणूस तिथंच भटकत राहतो, त्याला वाट सापडत नाही. घरच्यांनी जाऊन आणावं लागतं. या झाडाची फांदी न्यायची, तो जिथं गेला तिथं उभं राहायचं आणि नावानं हाक मारून सांगायचं, मी आलोय, चल घरी. तो फांदीवर येतो. मग त्याचं तिकीट काढायचं, त्याला सीट द्यायची. गाडीत चढताना सांगायचं. नदी ओलांडताना सांगायचं, नाहीतर तो बिचकतो. मी इकडं येणारच होतो म्हणून म्हटलं, माझ्याच गाडीतून या."

मी विचारलं, "प्रेत?"

"समुद्रात."

"मिळालं नाही?"

"नाही."

"मग तो मेला कशावरून?" माझा आवाज मलाच परका वाटला. "पोहून कुठं किनाऱ्याला लागला असेल. कुठं दवाखान्यात असेल, नाव आठवत नसेल. प्रेत नाही तर तुम्ही कशाच्या आधारावर... आणि तो या सीटवर आलाय याला पुरावा काय?"

म्बोंगेनीनं गाडीकडं बघितलं. मग म्हणाला, "सर, तुम्ही सकाळपासून त्या सीटवरची नजर काढलेली नाही. रिकाम्या सीटकडं माणूस इतकं बघतो का?"

मी मान वळवली तर नजर पुन्हा तिथंच गेली.

"आधी थेट घरीच सोडणार होतो त्यांना," तो म्हणाला. "पण तो लहानपणी या डोंगराखाली गुरं राखायचा. सकाळी मी बाबांना विचारलं, इथं थोडं थांबलो तर चालेल का? त्यांनी मान हलवली. बघू दे त्याला, अशा अर्थानं."

डोंगराच्या मागं कच्चा रस्ता होता. चारपाच गोल घरं, शेळ्यांचा गोठा, आणि अंगणात बायका उभ्या. आमची गाडी दिसली तशा त्या एकदम गप्प झाल्या. म्बोंगेनी उतरला. मी त्याच्याआधीच उतरलो होतो आणि नेमका दारातच उभा होतो. झुंगूबाबांनी खिडकीजवळचा बेल्ट सोडला, फांदी छातीशी घेतली, सीटकडं वाकून काहीतरी सांगितलं आणि खाली आले. म्बोंगेनी दार धरून उभा राहिला.

आणि मी बाजूला सरकलो. का सरकलो ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. कोणी उतरत असेल तर त्याला वाट नको का?

घराच्या दाराशी एक फार म्हातारी बाई काठी टेकून उभी होती. आईच असणार. तिनं त्या काट्याच्या फांदीला हात लावला आणि असा काही हंबरडा फोडला की पेनफोल्डनं दुसऱ्यांदा टोपी काढली. मला वाटलं होतं त्या घरावर नवं दुःख कोसळेल. पण म्हातारी रडता रडता फांदीला रागवत होती. भाषा येत नसली तरी आईचं रागावणं कळतं. इतके दिवस कुठं होतास, असंच काहीतरी असणार. मग सगळे आत गेले. झुंगूबाबा उंबऱ्यावर थांबले, मागं वळले आणि मालनला म्हणाले, "न्गियाबोंगा, मामा." दिवसभरात आमच्याशी बोललेले त्यांचे एवढेच शब्द. म्बोंगेनीनं सांगितलं, आभार मानतायत, पाण्याबद्दल; मामा म्हणजे आई.

"आता सीट रिकामी आहे, मा," म्बोंगेनी मालनला म्हणाला. "बसा."

ती बसली. परतीच्या सगळ्या वाटेत तिला गाडी लागली नाही. नदीच्या पुलावर म्बोंगेनीनं सवयीनं वेग कमी केला. मालन खिडकीबाहेर पाण्याकडं बघत होती, तिची पाठ हलत होती. मी मागून वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी आणतो त्याला," मी म्हणालो. "गेल्याबरोबर जातो चिपळूणला."

तिनं मान वळवली नाही. माझ्या हातावर हात ठेवला आणि पूल संपेपर्यंत काढला नाही.

गावी आलो. आमच्या बांधावरची बोर जुनी. लहानपणी सुहास तिच्यावर दगड मारायचा आणि माझा मार खायचा. तिचीच फांदी तोडली, मालनच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि चिपळूणला गेलो. वाशिष्ठीला त्या दिवशी ढोपरभर पाणी होतं, पोरं डुंबत होती. काठावर उभा राहिलो. आयुष्यभर लोकांना दम देऊन बोलतं केलं, पण तिथं मला तोंड फुटेना. शेवटी म्हणालो, "सुहास, आबा आलोय. चल बाबा घरी. आई वाट बघतीय."

बस.

कराडच्या एसटीत बसलो. कंडक्टर आला. मी दोन बोटं दाखवली.

"दुसरं कोण, काका?"

मी खिडकीजवळच्या सीटकडं हात केला. त्यानं सीट बघितली, लुगड्यातून आलेला काटा बघितला, मला बघितलं आणि मुकाट्यानं दोन तिकिटं फाडली. पुढच्या थांब्यावर दोन पिशव्या घेऊन एक बाई चढली. "ओ काका, सरका की आत. मोकळीच हाय." मी मान हलवली. ती चिडली. "मुकं हाय का काय म्हातारं? दोन मानसांची जागा अडवून बसलंय!" पलीकडचा एक गडी, मिशीवाला, तर माझ्यावरून नजरच काढेना. लुगड्यात काय आहे, तोंड का उघडत नाही, सगळं त्याच्या कपाळावर लिहिलेलं मला वाचता येत होतं. मी त्याला मनातल्या मनात सॅल्यूट ठोकला. पूल आला तेव्हा त्याच्यासमोरच खिडकीकडं वाकून सांगितलं, "पूल आलाय रे. भिऊ नको. मी हाय." घाट लागला तेव्हा तेही सांगितलं, कारण सुहासला आईसारखीच गाडी लागायची.

दारात मालन उभी होती. हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा. मी अंगणात आलो. तिनं विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं, तुकडा माझ्यावरून ओवाळला आणि लांब टाकला. मी आत जायला पाय उचलला तशी ती म्हणाली, "थांबा."

मी बाजूला सरकलो.

तिनं पदराखालून दुसरा तुकडा काढला. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेत पाणी घातलं. मग ओवाळायला तिनं हात वर केला, आणि तो माझ्या डोक्याच्याही वर गेला, टाचा उचलून, जेवढा जाईल तेवढा. सुहास माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच होता.